शिट्टी गुरुजींकडे, संघ लेकरांकडे

पत्र

‘सर, मी निलंगा तालुक्यातल्या एका शाळेत चार वर्षांपासून शिकवते. गेल्या जूनपासून गाईड कॅप्टनची, म्हणजे मुलींच्या पथकाची, जबाबदारी माझ्याकडे आली. स्काउट मास्तर म्हणून आमच्या एका सरांचं नाव आहे, पण त्यांच्याकडे दहावीचे वर्ग असल्यामुळं मुलांचं पथकही मीच बघते. मदतीला गावातले एक निवृत्त गुरुजी येतात. सत्तरी ओलांडली आहे, तीसेक वर्षं त्यांनी पथक चालवलं. तळमळ खरी आहे. पण दर शनिवारी दीड तास गाठी आणि संचलन, दुसरं काही नाही. लेकरं कंटाळतात. मोबाईल दिसला की गुरुजी चिडतात. हाफ पॅन्ट गेली तेव्हाच स्काउट संपला, असं म्हणतात. मुला-मुलींचं एकत्र शिबिर त्यांना पटत नाही, आणि पालक तर मुलींना मुक्कामी पाठवायलाच तयार नाहीत. मुख्याध्यापकांना २६ जानेवारीचं संचलन आणि खरी कमाईचे, म्हणजे लेकरांनी स्वतः कष्ट करून पैसे मिळवायच्या उपक्रमाचे, फोटो मिळाले की पुरे. जुनं किती धरायचं, नवं किती घ्यायचं आणि गुरुजींना न दुखावता हे कसं सांगायचं?’

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या बाजूनं, मग गुरुजींच्या बाजूनं. मी १९८१ला पथक हाती घेतलं आणि नोकरी संपली तरी सोडलं नाही, त्यामुळं दुसरं वाचन मला जास्त जड गेलं.

जुनं किती आणि नवं किती, असं मापानं ठरवायला बसलात तर नुसती वाटणी होईल. अर्धा तास त्यांच्या गाठी, अर्धा तास तुमचा मोबाईल, आणि लेकरं दोन्हीकडं तितकीच कंटाळलेली. त्याऐवजी एकच विचारा : शनिवारच्या त्या दीड तासात लेकरं स्वतः काय ठरवतात? तुमच्या पत्रात गुरुजी शिकवतात, तुम्ही बघता, मुख्याध्यापक फोटो मागतात, पालक नाही म्हणतात. एवढ्या पत्रात ‘संघनायक’, म्हणजे पथकातल्या लेकरांच्या छोट्या संघाचा त्यांच्यातलाच म्होरक्या, हा शब्द एकदाही आलेला नाही. माझ्या मते तुमच्या पथकातलं खरं जुनं तेच हरवलंय, आणि त्याची खंत गुरुजींनाही नाही, तुम्हालाही नाही.

स्काउटिंगचे जनक बेडन पॉवेल यांनी १९०७च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा जेमतेम वीस मुलं होती. काही इंग्लंडातल्या बड्या निवासी शाळांमधली, काही जवळच्या गावांतल्या कामकरी घरांतली. त्यांचे चार संघ केले : कर्ल्यू (लांब चोचीचा पक्षी), कावळे, लांडगे आणि बैल. प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक पोरगा नायक. श्रीमंताचं पोर आणि मजुराचं पोर एका तंबूत झोपलं, आणि त्यांचं बरं-वाईट त्यांच्यासारख्याच एका पोरानं बघितलं. स्काउटिंगचा जन्म तिथं आहे. गणवेश, बॅज, सलामी, डाव्या हाताचं हस्तांदोलन हे सगळं मला प्रिय आहे, आजही स्कार्फ घालताना मन भरून येतं. पण ते त्या तंबूच्या नंतरचं.

बाकीच्या गोष्टी किती वेळा बदलल्या ते गुरुजींशी निवांत बोला. १९०९मध्ये ही चळवळ भारतात आली ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. आपल्या लेकरांना दारं बंद होती. १९१६ला मद्रासेत ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली, मुलांच्या डोक्यावर फेटा आला, तोंडी आपली गाणी आली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचं पथक उभं केलं. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५०ला हे सगळे प्रवाह भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये एक झाले, आणि १५ ऑगस्ट १९५१ला गाईडच्या मुली त्यात आल्या. मूळचे नऊ नियम होते, पुढं दहा झाले, आपल्याकडं आता नऊ आहेत. राजाशी निष्ठा गेली. प्रतिज्ञेत ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणायची मुभा आली. यातलं काही झालं नसतं तर निलंगा तालुक्यातल्या शाळेत पथकच नसतं. हाफ पॅन्टचं म्हणाल तर ब्रिटनमध्येच १९६६च्या अहवालानंतर फुल पॅन्ट आली आणि संघटनेच्या नावातला ‘बॉय’ शब्दही गेला. गुरुजी त्या वेळी शाळकरी असतील.

मी बदलायला शिकलो ते मात्र इतिहास वाचून नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही सर्पदंशाचा प्रथमोपचार शिकवायचो : वर करकचून दोरी बांधा, ब्लेडनं चीर द्या, रक्त वाहू द्या, पोटॅशियम परमँगनेट भरा. मला तसंच शिकवलेलं, वहीत आकृतीसकट होतं. माझ्या पथकातल्या एका पोरानं ते मनापासून पाठ केलं आणि त्याच्या चुलत्याला बांधावर घोणस चावली तेव्हा नायलॉनची दोरी घट्ट आवळून बांधली. दवाखान्यात पोचायला अडीच तास लागले. माणूस वाचला, पायाची दोन बोटं गेली. डॉक्टर पोरावर ओरडले नाहीत, मला बोलावून घेतलं आणि दोरीचा वळ दाखवला. त्या रात्री मी ती वही फाडली. आज शिकवतो ते साधं आहे : माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, चीर नाही, चोखणं नाही, आवळून बांधणं नाही, मांत्रिक तर नाहीच नाही, १०८ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात लवकर न्या. बुडालेल्या माणसाला पालथं घालून पाठ दाबायची जुनी पद्धतही गेली. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोरानं दाब द्यायचा, आणि शिकलेलं असेल तर ३० दाबांमागं दोन श्वास. गुरुजींच्या प्रथमोपचाराच्या वहीत काय आहे ते एकदा प्रेमानं बघून घ्या. हाफ पॅन्टवर वाद घालू नका, या वहीवर घालावा लागला तर घाला.

आता जे अजिबात सोडू नका ते सांगतो : संघानं स्वतः रांधून खाणं.

आजकाल शिबिर म्हटलं की आधी आचारी ठरतो. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी, आणि लेकरं ताटं घेऊन रांगेत. मला ते बघवत नाही. आमच्या शिबिरात संघाला ज्वारीचं पीठ, डाळ, मीठ, मिरच्या, तेल मोजून मिळायचं. सरपण संघानं आणायचं, हिरवी फांदी तोडायची नाही, तुराट्या, पळाट्या आणि गोवऱ्या. तीन दगडांची चूल. पहिल्या दिवशी भाकरी थापणाऱ्याची भाकरी परातीतच फाटायची. पिठलं कधी पाणी, कधी गोळा. तिसऱ्या दिवशी तेच पोर हातावर भाकरी फिरवायचं आणि घरी गेल्यावर आईला म्हणायचं, सरक, मी थापतो.

पण मी हे भाकरीसाठी सांगत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत आपल्याकडची गावं आतून दुभंगली होती. तुमच्या जन्माआधीची गोष्ट, घरातल्या मोठ्यांना विचारा. कोणाच्या माठातलं पाणी कोण पितं हे शाळेतसुद्धा ठरलेलं असायचं, कोणी बोलायचं नाही इतकंच. माझ्या एका शिबिरात वाघ संघाचा स्वयंपाक त्या दिवशी ज्या पोराकडं होता ते कोणत्या वस्तीतलं हे दुसऱ्या एका पोराच्या वडिलांना कळलं. ते सायकलवर आले आणि लेकराचा हात धरला. चला घरी. संघनायक नववीतला होता. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. पुढं झाला आणि म्हणाला, काका, आज भांडी घासायची पाळी याची आहे, ती झाली की न्या. वडील चुलीपाशी दगडावर बसले. पोरानं भांडी घासली. तोवर भाकऱ्या झाल्या होत्या. संघनायकानं एक भाकरी आणि ठेचा त्यांच्यापुढंही ठेवला. त्यांनी ती खाल्ली नाही, पण पोराला नेलंही नाही. मी मध्ये पडून समतेवर भाषण दिलं असतं तर ते पोर त्याच क्षणी सायकलवर बसलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काउटचा बंधू’ हा नियम मी शेकडो वेळा पाठ करून घेतला. तो खरा होताना मी त्या चुलीपाशी पाहिला.

म्हणून आचारी नको. मुख्याध्यापक वेळेचं कारण देतील, कोणी स्वच्छतेचं देईल. एक दिवसाचा हाईक असला तरी एक जेवण संघानं करावं.

संघ तयार असला की काय होतं ते किल्लारीला कळलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जमीन हलली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. चार दिवसांनी मी सोळा-सतरा वर्षांची आठ पोरं घेऊन एका मदत छावणीत गेलो. वरून पाऊस, खाली चिखल, आणि ट्रकमधून आलेल्या कपड्यांचे ढीग. ढिगाऱ्यात हात घालायचं काम त्यांचं नव्हतं, ते मी करूही दिलं नसतं. मी पाणी भरायला लावीन म्हणत होतो, तोवर एका संघनायकानं वही काढली. कोणत्या कुटुंबात किती माणसं उरली, लहान किती, काय मिळालं, काय नाही. संध्याकाळपर्यंत ती वही छावणीतली मोठी माणसं मागायला लागली. कारण त्या पोरांना दिसलं होतं की धडधाकट माणसाला तीन चादरी मिळतात आणि दोन लेकरं घेऊन बसलेल्या बाईला एकही नाही. वही काढ असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं तो संघाच्या शिध्याचा हिशोब ठेवत होता, एवढंच.

मुलींच्या मुक्कामाबद्दल पालकांवर रागावू नका. त्यांची भीती मला आधी जुनाट वाटायची, आता वाटत नाही. पूर्वी मी एकटा पंचवीस पोरांना घेऊन रानात राहिलो आणि कोणी काही विचारलं नाही. ते बरोबर नव्हतं. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स संघटनेनं फेब्रुवारी २०२०मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, कारण लहानपणी मोठ्या माणसांकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराचे दावे पुढं आले. ते ८२ हजारांवर गेले. विश्वासाचा माणूस आहे, सर आहेत, दादा आहे, या एका समजुतीवर इतकी लेकरं उघडी पडली. आपल्याकडंही २०१२पासून पॉक्सो कायदा आहे. म्हणून नवा नियम जुन्या कोणत्याही परंपरेपेक्षा कडक पाळा : कोणताही मोठा माणूस एका लेकराबरोबर एकटा राहणार नाही, तंबूत नाही, खोलीत नाही, प्रवासात नाही. प्रत्येक वेळी दोन मोठे. गाईडच्या मुक्कामाला किमान दोन स्त्रिया. नियम गुरुजींना लागू, मुख्याध्यापकांना लागू, तुम्हाला लागू. हे ऐकून गुरुजींना वाईट वाटेल, मला वाटलं होतं. त्यांना सांगा की हा संशय नाही, ही कुंपणाची काटी आहे, ती सगळ्या शेतांना असते.

पहिला मुक्काम शाळेच्याच आवारात एका रात्रीचा ठेवा. आयांना संध्याकाळी शेकोटीला बोलवा, संघानं केलेलं जेवू घाला. ज्यांना राहायचंय त्यांना राहू द्या. शेकोटीच्या नकलांकडं मात्र लक्ष ठेवा. तोतऱ्याची, काळ्या मुलीची, कोणाच्या बोलीची टिंगल आमच्या काळात सर्रास व्हायची आणि आम्ही हसायचो. ती परंपरा तिथंच शेकोटीत जाळा. स्काउट-गाईडनी दिवसाचे उपक्रम एकत्र करायला काही अडचण नाही. मुक्काम वेगळा, संघ वेगळे. आणि गुरुजी मुलींबद्दल कुरकुर करतील तेव्हा सांगा की १९०९ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा मेळावा भरला तेव्हा मुली न बोलावता गणवेश घालून हजर झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी गाईडची चळवळ उभी राहिली. आपल्याकडं गाईडच्या संघांना फुलांची नावं देतात, मोगरा, गुलाब, कमळ. ती राहू देत, मला आवडतात.

मोबाईलवर फार बोलण्यासारखं नाही. तो संघाचा एक असावा आणि संघनायकाच्या ताब्यात असावा. त्यात होकायंत्र आहे, नकाशा आहे, ते वापरू द्या. पण एका रात्री तो पिशवीत ठेवून सप्तर्षींवरून ध्रुवतारा शोधायला लावा. आपल्याकडं तो फार खाली दिसतो, क्षितिजापासून साधारण १८ अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ सुमारे १० अंशांची, म्हणजे जवळपास दोन मुठी. लेकरं डोक्यावर शोधत राहतात आणि तो बाभळीच्या शेंड्यापाशी असतो.

आणि गुरुजी. त्यांच्याकडून काहीही काढून घेऊ नका. उलट जास्त मोठं काम द्या. त्यांनी चाळीस लेकरांना एकदम शिकवू नये, फक्त संघनायकांना शिकवावं. शुक्रवारी अर्धा तास, सहा संघनायक, गुरुजी आणि तुम्ही दोघं समोर. शनिवारी ते सहा आपापल्या संघाला शिकवतील, आणि गुरुजी पारावर बसून बघतील. हीच मूळ रीत आहे, त्यांना ती पुस्तकातून माहीत असणार. पहिल्या दोन-तीन शनिवारी चुकीची गाठ शिकवली जाईल. तुम्हीही मध्ये पडू नका आणि गुरुजींनाही पडू देऊ नका. शुक्रवारी दुरुस्त करा.

गाठ मात्र कामासकट शिकवायला सांगा. नुसती काठीवर बांधली की लेकरं कंटाळणारच. रीफ नॉट सपाट बसते म्हणून झोळीला आणि पट्टीला. क्लोव्ह हिच खुंट्याला. बोलाइनचा फास सरकत नाही आणि आवळत नाही, म्हणून विहिरीत पडलेल्या माणसाच्या काखेखालून तीच घालायची, सरकता फास कधीही नाही. हे एकदा बादलीत दगड भरून आडावर करून दाखवलं की पुढच्या शनिवारी कोणी गैरहजर राहत नाही. गुरुजींनी आयुष्यात कितीदा अशी दोरी टाकली असेल, ते विचारा. ते सांगतील तेव्हा लेकरांना समोर बसवा.

दर महिन्याला मानसभा घ्या. सगळे संघनायक बसतील, तुम्ही आणि गुरुजी बाजूला. गणवेशाचं, शिबिराच्या जागेचं, खरी कमाईतल्या पैशाचं ते ठरवतील. खरी कमाई वडापावच्या स्टॉलची असेल तर माल कोण आणतो तेवढं बघा. घरून आईनं तळून दिलेले वडे विकणं ही आईची कमाई झाली.

मुख्याध्यापकांना फोटो हवेत तर द्या, त्यात वाईट काही नाही. फक्त फोटोत काय असावं ते तुम्ही ठरवा. माझी एक सुचवण आहे. आपल्याकडं मृगात आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं, गुरं दगावतात, आणि कठडा नसलेल्या विहिरी तर जागोजाग आहेत. तुमच्या सहा संघांना शिवाराचे सहा भाग वाटून द्या. मोठ्या माणसांना सोबत घेऊन त्यांनी आपापल्या भागाचा नकाशा करावा : आभाळ गडगडायला लागलं तर पळत जाता येईल असं पक्कं बांधकाम कुठं आहे, कोणत्या वाटेवर उघडी विहीर आहे. पावलं मोजून अंतर काढायला गुरुजी शिकवतील, मोबाईलवर ते पडताळून बघायला लेकरं गुरुजींना शिकवतील. नकाशा मोठ्या कागदावर काढून ग्रामपंचायतीत लावायला २६ जानेवारीचाच मुहूर्त धरा, संचलन झाल्यावर, संघनायकांच्या हातून.

या शुक्रवारी गुरुजींना चहाला बोलवा आणि सहा दोऱ्या आणायला सांगा, प्रत्येकी दीडेक मीटरच्या. संघनायक अजून निवडलेले नसतील तर ते काम तुम्ही दोघांनी करू नका, संघांना करू द्या.

आपला,
एक जुना स्काउट मास्तर